आठवा परस

एका गावात विहिरी खणणारा एक म्हातारा राहत होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा होता. पोरगा पहार चांगली चालवायचा. खडकावर घण पडला की आवाजावरून खडक भरीव आहे की भेगाळ, हे ओळखायला तो नुकताच शिकला होता.

गाव देशावरचं. खाली ओढा, वर माळ. ओढ्याकाठची जमीन काळीभोर, माळाची मुरमाड. अशा गावात विहिरीला पाणी लागलं तर घर उभं राहतं. नाही लागलं तर बैल विकावे लागतात.

एका उन्हाळ्यात गावात पाणाड्या आला. ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याला विहीर पाडायची होती. त्यानं पाणाड्याला शेतात नेलं. पाणाड्यानं उंबराची बेचक्याची ओली फांदी तोडली, दोन्ही टोकं मुठीत धरली आणि तो शेतभर हळूहळू चालू लागला. बांधाजवळ फांदी एकदम खाली वळली. पाणाड्यानं तिथं दगड ठेवला.

म्हाताऱ्यानं आणि पोरानं त्याच जागी विहीर धरली. चार परस, म्हणजे साधारण चार पुरुष खोल गेल्यावर पाणी आलं. शेतकऱ्यानं नारळ फोडला. गाव गोळा झालं.

पोरगा म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, फांदीला पाणी कळतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

म्हातारा म्हणाला, "फांदी वळली, हे तू पाहिलंस. पाणी लागलं, हेही पाहिलंस. फांदीला पाणी कळलं, हे कुठं पाहिलंस?"

पोराला हे बोलणं उगाच फाटे फोडल्यासारखं वाटलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही. तो गावात सगळ्यांना फांदीची गोष्ट सांगत सुटला.

माळावर एका विधवेचं शेत होतं. दोन लहान मुलं, एक बैलजोडी आणि पावसावरची बाजरी, एवढाच तिचा संसार. तिनं पोराला विचारलं, "लेकरा, तू रोज खडकात काम करतोस. मी विहीर पाडू का?"

पोरगा म्हणाला, "मावशी, पाणाड्या दाखवील तिथं डोळे मिटून पाडा."

पाणाड्या आला. शेताच्या वरच्या कोपऱ्यात फांदी वळली. बाईनं बैलजोडी विकली. म्हातारा तेव्हा दुसऱ्या गावी कामावर होता. पोरानं चार गडी घेऊन काम सुरू केलं. एक परस माती आणि मुरूम निघाला. त्याखाली काळा पाषाण लागला. तो इतका भरीव होता की पहारीचं टोक बोथट व्हायचं आणि दगडाचा टवका निघायचा नाही. सुरुंग लावावे लागले. तीन परस झाले, पाच झाले, सात झाले. खाली धूळ उडत होती. सातव्या परसाला बाईचे पैसे संपले. गडी निघून गेले.

बाई पोराला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लोकांच्या शेतात मजुरीला जाऊ लागली.

म्हातारा परत आला तेव्हा पोरगा रागानं फुलला होता. "बाबा, तो पाणाड्या लबाड आहे. त्याला गावातून हाकलून दिलं पाहिजे."

म्हाताऱ्यानं विचारलं, "मागच्या महिन्यात तो खरा होता. आता लबाड झाला. तेव्हा कशावरून म्हणालास?"

"एका विहिरीला पाणी लागलं म्हणून."

"आणि आता?"

"एका विहिरीला लागलं नाही म्हणून."

"म्हणजे तुझं मत एका विहिरीवर उभं होतं, आणि आता दुसऱ्या एका विहिरीवर उभं आहे," म्हातारा म्हणाला. "जा. शिवारातल्या सगळ्या विहिरी मोजून ये. फांदीनं दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या. पाण्याच्या आणि कोरड्या. एकही सोडू नकोस."

पोरगा निघाला. त्याला वाटलं, हे काम सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या भाकरीपर्यंत आटपेल. तसं झालं नाही. पाण्याच्या विहिरी लोक हौसेनं दाखवायचे. "ही पाणाड्यानं सांगितलेली, बघ कशी तुडुंब आहे!" पण कोरड्या विहिरी कुणी दाखवीना. कोरड्या विहिरीकडे पाहुण्याला कोण नेतं? त्या बाभळीच्या काट्या टाकून झाकलेल्या होत्या, काही अर्ध्या बुजवलेल्या होत्या. काहींची नावंही लोक विसरले होते. पोराला गुराख्यांना विचारावं लागलं. शेळ्या कुठं पडतात ते गुराख्यांना बरोबर ठाऊक असतं.

सगळ्या मिळून एकतीस विहिरी भरल्या. पोरानं पाण्याच्या विहिरीला पांढरा खडा आणि कोरडीला काळा खडा घेतला. मग म्हाताऱ्यासमोर बसून त्यानं खडे मांडले.

फांदीनं दाखवलेल्या विहिरी चौदा. त्यांतल्या आठांना पाणी होतं.

फांदीशिवाय पाडलेल्या सतरा. त्यांतल्या दहांना पाणी होतं.

पोरगा खड्यांकडे बघत राहिला. चौदांत आठ आणि सतरांत दहा. फांदी असली काय, नसली काय, निम्म्याहून थोड्या जास्त विहिरींना पाणी लागलं होतं.

"आता हेच खडे जमिनीप्रमाणे लाव," म्हातारा म्हणाला.

पोरानं ओढ्याकाठचे खडे एका बाजूला आणि माळावरचे दुसऱ्या बाजूला केले. ओढ्याकाठच्या अठरा विहिरींपैकी सोळांना पाणी होतं. माळावरच्या तेरांपैकी फक्त दोनांना.

पोरगा म्हणाला, "बाबा, ओढ्याकाठी कुणीही दगड ठेवला असता तरी पाणी लागलं असतं."

"बहुतेक," म्हातारा म्हणाला. "आणि ते तू पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतंस. फांदी वळली नसती तिथं खणलं असतं, तर काय झालं असतं? गोष्ट नेहमी लागलेल्या पाण्याची सांगतात. न लागलेल्याची कुणी सांगत नाही. आपल्यालाच हुडकावी लागते."

पोरगा उठला. "मग मी बरोबरच म्हणत होतो. तो लबाड आहे."

"फांदीला कळत नाही असं खडे सांगतात. माणूस लबाड आहे असं कुठला खडा सांगतो?"

पोराकडे उत्तर नव्हतं.

म्हाताऱ्यानं पाणाड्याला निरोप पाठवला. गावाबाहेरच्या एका पडीक रानाखालून जुना खापरी नळ गेलेला होता. पूर्वी डोंगरातलं पाणी सरदाराच्या वाड्यात नेण्यासाठी तो घातला होता. असे जमिनीखालचे नळ आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं खडकी शहराला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, पाणी आणलं ते अशाच वाटेनं. या रानातला नळ अजून वाहत होता. तो कुठून जातो हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं, कारण तरुणपणी त्यानं तो दुरुस्त केला होता. वर मात्र नुसतं गवत होतं.

म्हातारा पाणाड्याला म्हणाला, "पाहुणे, या रानाखाली वाहतं पाणी आहे. डोळे बांधून फांदी धराल का?"

पाणाड्या लगेच तयार झाला. "पाणी असेल तर फांदी वळेलच," तो म्हणाला.

त्याचे डोळे उपरण्यानं बांधले. पोरानं त्याला हाताला धरून रान सात वेळा आडवं पार करायला लावलं, दर वेळी वेगळ्या जागेवरून. त्यामुळे नळ सात वेळा पायाखाली आला. फांदी एकंदर अकरा वेळा वळली. जिथं वळली तिथं पोरगा खुंटी ठोकत गेला.

पाणाड्यानं उपरणं सोडलं. म्हाताऱ्यानं नळाच्या रेघेवर दोरी ताणून दाखवली. अकरा खुंट्यांपैकी एकच दोरीजवळ होती. बाकीच्या रानभर विखुरलेल्या होत्या.

पाणाड्यानं फांदी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "दादा, मी मुद्दाम वळवत नाही. माझ्या हातात ती आपोआप वळते. आईशपथ सांगतो."

"मला पटतं," म्हातारा म्हणाला. "लबाडी करायची असती, तर तुम्ही डोळे बांधून घेताना शंभर सबबी सांगितल्या असत्या. पण ती तुमच्याच हातानं वळते, तुमच्या नकळत. डोळे उघडे असले की तुम्हाला हिरवळ दिसते, ओढ्याचं वळण दिसतं, उंबर दिसतो. वीस वर्षं रानं तुडवलीत, तुमच्या डोळ्यांना काहीतरी कळतं. ते हाताला पोहोचतं. श्रेय मात्र फांदीला जातं."

झाडांवरून आणि वारुळांवरून जमिनीखालचं पाणी ताडायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय त्यावर लिहिला, आणि पाणी किती पुरुष खोल लागेल याचे अंदाजही दिले. त्यातल्या सगळ्याच खुणा खऱ्या निघतील असं नाही. पण झाड पाणी पितं, त्याला खाली ओल लागते, हे पारखून पाहता येतं. फांदी झाडावर असताना तिचा पाण्याशी संबंध असतो. तोडून मुठीत धरली की तो कुठला राहायचा?

पाणाड्या आपल्या गावी गेला. पोराला वाटलं, गोष्ट इथं संपली. म्हातारा म्हणाला, "तुझी संपली असेल. त्या बाईची कुठं संपली?"

दुसऱ्या दिवशी दोघं माळाच्या कडेला नाल्यात उतरले. पावसाच्या लोंढ्यानं तिथं उभा कडा कापला गेला होता. कड्यात खडकाचे थर उघडे पडले होते. वर मुरूम. त्याखाली काळा भरीव पाषाण. त्याखाली मांजऱ्या खडक, बारीक पोकळ्यांनी भरलेला आणि भेगाळ. त्याच्या तळाशी गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा. वैशाखाचं ऊन होतं, तरी त्या लाल पट्ट्याच्या जरा वर दगड ओला होता आणि खाली हरळी हिरवी होती.

आपल्या देशावरचा खडक असाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. एकावर एक थर बसले. प्रत्येक थराच्या माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, पोटात दगड भरीव झाला. भरीव काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच नसते. ते भेगांतून खाली उतरतं, मांजऱ्या खडकात साठतं, आणि खाली लाल मातीचा घट्ट थर असला की तिथं अडतं. मग उतारावर जागा मिळेल तिथं झिरपून बाहेर येतं. म्हाताऱ्याला वर्षांचा हिशोब ठाऊक नव्हता. थरांचा हिशोब पाठ होता.

त्यानं पोराला विचारलं, "हे थर कसे पडलेत? उभे की आडवे?"

"आडवे. जवळजवळ सपाट."

"मग हाच मांजऱ्या बाईच्या शेताखालीही असला पाहिजे. किती खाली?"

पोरगा विचारात पडला. मग त्यानं लाकडाची लांब पन्हळ आणली, दोन्ही टोकं बंद केली आणि पाण्यानं भरली. पाण्याच्या सपाटीवरून नजर धरायची, समोर काठी उभी करायची, काठीवर खूण करायची, मग तिथं पन्हळ न्यायची. असं करत करत तो नाल्यापासून बाईच्या शेतापर्यंत चढत गेला. दिवस मावळताना त्याचा हिशोब झाला. तो धावत आला.

"बाबा! मांजऱ्याचा माथा तिच्या जमिनीपासून आठ परस खाली येतो. आणि मी सातवर थांबलो!"

म्हाताऱ्यानं हिशोब पुन्हा करायला लावला. दुसऱ्या वाटेनं करायला लावला. उत्तर तेच आलं, फक्त हातभर फरकानं.

"म्हणजे पाणी नक्की लागणार," पोरगा म्हणाला.

"नक्की नाही. थर मध्येच संपलेला असू शकतो. पोकळ्या पांढऱ्या गारेनं बुजलेल्या असू शकतात, मग पाणी राहणार कुठं? लागण्याचा संभव जास्त आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. तेवढंच तिला सांग. आणि आपण कधी थांबायचं, तेही आजच ठरव."

पोरगा बाईकडे गेला. या वेळी त्यानं डोळे मिटायला सांगितलं नाही. तिला नाल्यात नेलं. थर दाखवले, ओला दगड दाखवला, पन्हळीच्या खुणा दाखवल्या. मग म्हणाला, "मावशी, आम्ही दोघं आणखी दोन परस खणतो. मजुरी नको. आठव्या परसाच्या आसपास खडक बदलला पाहिजे. नवव्या परसाचा तळ आला आणि तरीही काळा पाषाणच निघाला, तर माझा अंदाज चुकला असं समजायचं आणि काम बंद करायचं."

बाईनं ओल्या दगडाला हात लावून पाहिला. "खणा," ती म्हणाली.

खडक फार कडक होता. दोघं पहाटे उतरायचे आणि ऊन विहिरीत शिरलं की वर यायचे. बाई दोरानं दगडाच्या पाट्या ओढायची. आठवा परस पुरा होत आला तरी काळाच पाषाण निघत होता. पोराचा जीव खाली-वर होऊ लागला. आठ परस झाले. वर आणखी एक हात झाला. मग घणाचा आवाज बदलला. तो बसका झाला. दगडाचा टवका निघाला, त्यात बारीक पोकळ्या होत्या. संध्याकाळपर्यंत तळ ओला झाला. सकाळी घोटाभर पाणी होतं. आठ दिवसांनी कमरेइतकं झालं.

गाव धावत आलं. आणि गावानं एकच गलका केला, "पाणाड्या खरा! त्यानं दाखवलेल्या जागीच पाणी लागलं. तुम्हीच आधी धीर सोडलात!"

पोरगा थक्क झाला. लोकांचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. जागा तीच होती. पाणी तिथंच होतं.

आठव्या शतकात धर्मोत्तर नावाचे बौद्ध आचार्य होऊन गेले. ज्ञान कशाला म्हणावं, यावर लिहिताना त्यांनी एक दाखला दिला आहे. वाळवंटात एका तहानलेल्या प्रवाशाला पाणी दिसतं. ते मृगजळ असतं. पण तो तिथं पोहोचतो, तर तिथल्या दगडाखाली खरोखरच पाणी सापडतं. मृगजळ पाहताना त्याला पाण्याचं ज्ञान झालं होतं, असं म्हणायचं का? म्हणता येत नाही. पाणी खरं होतं, पण ज्या कारणानं त्याला ते वाटलं, त्या कारणाचा त्या पाण्याशी काही संबंध नव्हता.

पोरानं धर्मोत्तराचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्याची नेमकी हीच अडचण झाली होती. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, मी पहिल्याच वेळी आठवा परस खणला असता तर?"

"तर पाणी लागलं असतं. तू आयुष्यभर फांदीचा भक्त झाला असतास. आणि पुढच्या दहा बायांचे बैल विकायला लावले असतेस."

"मग लोकांना कसं पटवायचं?"

"फांदी न वळलेल्या जागेचा अंदाज सांग."

माळावर पलीकडच्या बांधाला एका शेतकऱ्याचं रान होतं. त्या रानात पाणाड्या पूर्वी हिंडला होता आणि फांदी कुठंच वळली नव्हती. पोरानं पन्हळ लावली. हे रान उतारावर, बरंच खाली होतं. सगळ्या गावासमोर पोरानं सांगितलं, "इथं पाच परसांवर मांजऱ्या लागला पाहिजे. सहा झाले आणि नाही लागला, तर माझं म्हणणं खोटं."

शेतकऱ्यानं विहीर धरली. पाच परस आणि दोन हातांवर खडक बदलला. पाणी थोडं होतं, पण होतं. माळव्याच्या दोन वाफ्यांना पुरेल इतकं.

त्या रात्री म्हातारा पोराला म्हणाला, "गोष्ट खरी निघणं वेगळं आणि ती आपल्याला कळलेली असणं वेगळं. कळलं असं म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे मला कशावरून कळलं? आणि मी चुकत असेन, तर ते मला कशावरून दिसेल?"

काही दिवसांनी पाणाड्या परत आला. या वेळी त्याच्या हातात फांदी नव्हती. तो पोराला म्हणाला, "मला ते थर दाखव." पोरानं त्याला नाल्यात नेलं. पाणाड्याची नजर पोरापेक्षा तीक्ष्ण होती. पोराला न दिसलेल्या दोन ओल्या भेगा त्यानं पहिल्याच दिवशी दाखवल्या. पुढं दोघं मिळून काम करू लागले.

त्यांची कीर्ती पसरली. एक दिवस लांबच्या गावाहून एक श्रीमंत शेतकरी गाडी जुंपून आला. त्यानं पैशांची थैली समोर ठेवली आणि म्हणाला, "तुमचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, असं ऐकलंय. जागा दाखवा, मी डोळे मिटून खणतो."

पोरानं थैली परत त्याच्याकडे सरकवली.

"आम्ही येतो," तो म्हणाला. "पण आधी तुमच्या शिवारातल्या कोरड्या विहिरी दाखवा."